उघड्या डोळ्याचा डेलिया

१८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेलियाची प्रदर्शनं भरू लागली, तेव्हा परीक्षकांची नजर आधी फुलाच्या मध्यावर जायची. रंग, आकार, देठाची ताकद हे सगळं नंतर. पाकळ्यांच्या ओळी एकीवर एक चढत थेट मध्यापर्यंत पोचल्या आहेत ना, फूल सर्व बाजूंनी गोल आणि गच्च आहे ना, हे पाहिलं जायचं. मध्यावर पिवळी चकती जरा जरी डोकावली, तर ते मोठं वैगुण्य. बागकाम करणारे या चकतीला फुलाचा डोळा म्हणत. हा डोळा झाकण्यासाठी त्या काळच्या रोपवाटिकाकारांनी आणि हौशी माळ्यांनी अपार मेहनत घेतली, आणि त्यांना यशही मिळालं.

त्या पिवळ्या चकतीतच डेलियाचा मध आणि पराग असतो. चकती झाकली गेली तशी मधमाशी उपाशी परत जाऊ लागली. आज त्याच युरोपात रोपं विकणाऱ्यांच्या याद्यांमध्ये उघड्या चकतीच्या एकेरी डेलियांना मुद्दाम वेगळं स्थान आहे. लवकर फुलणारे, बुटके, घरच्या वाफ्यात किंवा कुंडीत मावणारे आणि माश्या-फुलपाखरांना बोलावणारे असे हे प्रकार. हे फूल मधमाशीपासून कसं दुरावलं आणि तिच्याकडे परत कसं आलं, याची गोष्ट मेक्सिकोच्या डोंगरात सुरू होते.

डेलियाच्या जंगली जाती साधारण चाळीस. त्यातल्या बहुतेक मेक्सिकोत आणि उरलेल्या मध्य अमेरिकेत व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला सापडतात. ओक आणि पाइनच्या जंगलांच्या कडेला, उतारांवर, दगडांच्या खाचांत त्या वाढतात. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो. पाऊस सुरू झाला की जमिनीतल्या कंदातून कोंब वर येतो, पावसाळाभर झाड वाढतं, पाऊस ओसरण्याच्या सुमारास फुलतं, आणि कोरड्या थंडीत वरचा भाग वाळून जातो. कंद मात्र पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीत राहतो. डेलिया कॉक्सिनिआ ही त्यातली सगळ्यात पसरलेली जात. तिची फुलं शेंदरी, लाल, कधी पिवळी. फुलाला पाकळ्या मोजून आठ.

पण त्या आठ पाकळ्या म्हणजे आठ स्वतंत्र फुलं. डेलिया हा सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातला. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुलं एका बाजूला लांब होऊन पाकळीचं रूप घेतात आणि दुरून येणाऱ्याला खूण दाखवतात. मधली चकती बारीक, नळीसारख्या पिवळ्या फुलांनी दाटून भरलेली असते. ही नळीफुलं एकदम उमलत नाहीत. आधी कडेचं कडं उमलतं, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. प्रत्येक नळीत पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक लहानशी नळी झालेली असते. त्यातून सायकलच्या पंपातल्या दांड्यासारखी स्त्रीकेसराची काडी वर सरकते आणि आतला पराग ढकलून बाहेर आणते. पराग वाटून झाला की काडीचं टोक दुभंगून दोन बाजूंना वळतं आणि दुसऱ्या झाडावरून आलेला पराग घ्यायला तयार होतं. मध या नळ्यांच्या तळाशी असतो. म्हणून एकेरी डेलियावर बसलेली माशी चकतीवर गोल फिरताना दिसते. त्या दिवशी उमललेलं कडं ती एकेक नळी करून तपासत असते. दुसऱ्या दिवशी तिला तेच फूल पुन्हा काहीतरी देऊ शकतं.

या रचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डेलियाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. बी धरायचं तर पराग दुसऱ्या झाडावरून यावा लागतो, आणि तो आणायचं काम कीटकांचं. मेक्सिकोच्या डोंगरात ते करणाऱ्यांमध्ये बंबलबी, म्हणजे जाड, केसाळ अंगाच्या माश्या, आघाडीवर आहेत. युरोपीय मधमाशी त्या खंडातली नव्हेच. ती स्पॅनिश लोकांनंतर गेली. त्यामुळे डेलियाचं प्रत्येक बी हे दोन झाडांचं अपत्य असतं. या फुलाचे पुढे जे हजारो रंग-आकार झाले, त्यांचं मूळ इथे आहे.

मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांना ही झाडं चांगली माहीत होती. स्पॅनिश विजयानंतर १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने औषधी वनस्पतींचा एक सचित्र ग्रंथ तयार केला. त्यातल्या वनस्पतींमध्ये डेलियाही असल्याचं अभ्यासक मानतात. पुढे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला त्या मुलखातल्या वनस्पतींची नोंद करायला पाठवलं. १५७० ते १५७७ अशी सात वर्षं एर्नांदेस स्थानिक वैद्य आणि चित्रकारांना सोबत घेऊन फिरला. त्याच्या साहित्यातली डेलियाची चित्रं रोममध्ये १६५१ साली छापून आली. म्हणजे फुलाचं चित्र युरोपात पोचलं, आणि त्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी फूल स्वतः पोचलं. मेक्सिकोत कंद खाण्याची रीतही होती. वाहाकाच्या भागात ती आजही टिकून आहे. १९६३ मध्ये मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय फूल म्हणून जाहीर केलं.

युरोपातला प्रवेश माद्रिदमधून झाला. १७८८ मध्ये मेक्सिको शहरात स्पॅनिश सरकारचं वनस्पती उद्यान सुरू झालं. तिथले प्राध्यापक विसेंते सेर्वांतेस यांनी माद्रिदच्या शाही उद्यानातल्या अंतोनिओ होसे कावानीयेस या धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाकडे बिया पाठवल्या. कावानीयेसने झाडं वाढवली, त्यांना फुलं आली, आणि १७९१ मध्ये त्याने या नव्या फुलाचं वर्णन छापलं. नाव दिलं अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. डाल हा लिनिअसचा शिष्य. तो १७८९ मध्येच वारला होता. कावानीयेसच्या पहिल्या डेलियाला पाकळ्यांची एकाहून अधिक वर्तुळं होती. म्हणजे मेक्सिकोतल्या बागांतच त्याचा संकर आणि निवड झालेली असणार. पुढच्या वर्षांत त्याने एकेरी फुलांच्या आणखी जाती वर्णन केल्या.

याच सुमारास जर्मनीत ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल फुलांपाशी तासन् तास बसून कीटक काय करतात हे पाहत होता. १७९३ मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवून दिलं, की फुलांचे रंग, मधाकडे नेणाऱ्या रेषा, पुंकेसरांची मांडणी हे सगळं कीटकांसाठी आहे. त्याच्या हयातीत फार थोड्यांनी ते गंभीरपणे घेतलं. डेलियाच्या नशिबी त्यामुळे एक विचित्र योग आला. फूल आणि त्याची किल्ली युरोपात दोन वर्षांच्या अंतराने हाती आली, पण पुढची पन्नास वर्षं माळ्यांनी किल्ली बाजूला ठेवून फूल वाढवलं.

१८०४ मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून लंडनच्या हॉलंड हाउसमध्ये बिया धाडल्या. त्या रुजल्या आणि तिथून इंग्लंडमध्ये डेलिया खऱ्या अर्थाने स्थिरावला. त्याच काळात हम्बोल्ट आणि बोंप्लां या निसर्गसंशोधकांच्या मेक्सिकोच्या प्रवासातून आलेल्या बिया फ्रान्स-जर्मनीत पोचल्या. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात आंद्रे तुअँ यांना या फुलाकडे पाहून आधी बटाटाच आठवला. मेक्सिकोहून आलेला कंद, जमिनीत भरपूर वाढणारा. गरिबाच्या ताटात तो जाईल, अशी त्यांची अपेक्षा. पण माणसांना त्याची चव रुचली नाही आणि जनावरांनीही तो फारसा स्वीकारला नाही. खाण्याचा बेत मागे पडला आणि फुलांचा पुढे आला.

फुलांमध्ये मात्र एक अडचण होती: डेलिया फार उशिरा फुलायचा. उष्ण देशातलं झाड म्हणून सुरुवातीला लोकांनी त्याला काचघरात कोंडलं, आणि ते उंचच उंच वाढून अशक्त झालं. उघड्यावर लावलं तर पुरुषभर उंच व्हायचं आणि शरद ऋतू लागेपर्यंत कळीच धरायचं नाही. चार फुलं आली-न आली की पहिल्या दहिवराने, म्हणजे कडाक्याच्या रात्रीच्या गोठवण्याने, सगळं झाड एका रात्रीत काळं पडायचं. कारण दिवसाच्या लांबीत होतं. मेक्सिको शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला उन्हाळ्यातला मोठ्यातला मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये जून महिन्यात उजेड साडेसोळा तास राहतो. डेलियाला हा लांब दिवस म्हणजे वाढत राहण्याचा इशारा. दिवस आखूड होऊ लागला की तो फुलांकडे आणि कंद भरण्याकडे वळतो. युरोपात दिवस आखूड होईपर्यंत थंडी दाराशी आलेली असायची.

म्हणून लवकर फुलणं हा डेलियाच्या शेतीतला पहिला मोठा प्रश्न होता. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय कष्टाचा. हिवाळ्यात कंद उकरून, माती झटकून, गोठणार नाही अशा कोरड्या जागी ठेवायचे. वसंताच्या आधीच घोड्याच्या ताज्या खताच्या उबेवर, काचेखाली त्यांना कोंब आणायचे. कोंब बोटभर झाले की छाट कलमं करून कुंड्यांत रुजवायची. आणि दहिवराचं भय संपताच बागेत लावायची. झाडाला दीड-दोन महिन्यांची आघाडी मिळायची. दुसरा उपाय निवडीचा होता. शेकडो रोपं बियांपासून करायची आणि त्यात जे बुटकं राहील, जे आधी कळी धरेल, त्याचंच बी पुढे न्यायचं. जे झाड दहिवराआधी फुललं त्याचंच बी पिकायचं, त्यामुळे उत्तरेची थंडीही आपोआप ही चाळणी लावत होती. आज बियांच्या पाकिटातून मिळणारे, तीन महिन्यांत फुलणारे बुटके डेलिया या निवडीचे वारसदार आहेत.

या शेकडो रोपांतली विविधता कुणी घडवली? त्या वेळी हाताने संकर करण्याची पद्धत डेलियात फारशी नव्हती. चकतीतली फुलं इतकी बारीक आणि दाट, की हाताने परागीभवन करणं जिकिरीचं. माळी एवढंच करायचे: आवडीची झाडं शेजारी-शेजारी लावायचे, बी पिकू द्यायचे आणि ते पेरायचे. बाकीचं काम बागेतल्या बंबलबी आणि मधमाश्या करायच्या. डेलियाला स्वतःचा पराग चालत नसल्यामुळे प्रत्येक पेरणीतून नवी सरमिसळ निघायची. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस जोसेफ सॅबाइन यांनी १८१८च्या सुमारास डेलियावर विस्तृत लेख लिहिला. सुरुवातीची काही वर्षं मोजके रंग देणारं हे फूल एकाएकी असंख्य रंग देऊ लागलं, हे त्यात नोंदलं गेलं. पुढे चार्ल्स डार्विननेही लागवडीखाली वनस्पती कशा बदलतात याची चर्चा करताना डेलियाचा दाखला घेतला.

याच बियाण्यांतून दुहेरी फुलं आली. बेल्जियममध्ये लूव्हँच्या उद्यानातले डोंकलार यांनी १८१४च्या आसपास पूर्ण भरलेलं फूल मिळवलं. दुहेरी म्हणजे चकतीतल्या नळीफुलांनीच पाकळीचं रूप घेतलं. एकदा हे घडल्यावर वाट खुली झाली. जर्मनीत थुरिंजियातल्या क्योस्ट्रिट्झ गावी ख्रिश्चन डेगेन यांनी १८२६ मध्ये डेलियाची रोपवाटिका काढली आणि ते छोटं गाव डेलियासाठी प्रसिद्ध झालं. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३८ मध्ये डेलियाच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. त्याची फ्रेंच आणि जर्मन भाषांतरं झाली. हेच पॅक्स्टन पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे रचनाकार म्हणून जगाला माहीत झाले.

तो काळ डेलियाच्या वेडाचा होता, आणि हे वेड केवळ श्रीमंतांचं नव्हतं. विणकर, खाणकामगार, कारागीर आपल्या चार हात जमिनीत एकेका फुलासाठी खपायचे. कळ्या खुडून एका फांदीवर एकच ठेवायची. फुलावर छत्री धरायची, म्हणजे ऊन-पावसाने रंग उतरणार नाही. पाकळ्या कुरतडणाऱ्या किड्यांसाठी काठीच्या टोकावर गवत भरलेली कुंडी उपडी ठेवायची आणि सकाळी त्यात लपलेले किडे झटकून टाकायचे. या सगळ्या मेहनतीचं बक्षीस ठरायचं त्या झाकलेल्या डोळ्यावर. त्या माणसांच्या कसबाचा आदर वाटावा असंच ते काम होतं. पण पिढ्यान् पिढ्या डोळा झाकलेली झाडंच निवडली गेल्याने बागांतून मध-पराग देणारी चकती दिसेनाशी होत गेली. गच्च भरलेल्या फुलात नळीफुलं उरतच नाहीत, किंवा उरली तर पाकळ्यांच्या तळाशी इतकी दबलेली असतात की माशीची जीभ तिथवर पोचत नाही. हंगामाच्या शेवटी झाड थकलं की काही दुहेरी फुलांचा डोळा उघडतो, आणि तेव्हा लगेच त्यावर माश्या येतात. प्रदर्शनवाल्यांना नको असलेलं हे फूल बी धरायच्या कामी मात्र सगळ्यात उपयोगी ठरायचं.

बदल पुन्हा मेक्सिकोतूनच आला. १८७२ मध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्त इथल्या एका रोपवाटिकाकाराकडे मेक्सिकोहून कंदांची पेटी आली. प्रवासात बहुतेक कंद कुजले. एक तेवढा वाचला. त्याला लालभडक फुलं आली, आणि त्यांच्या पाकळ्या मागे वळून सुरळी झाल्यासारख्या टोकदार होत्या. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचं नाव त्याला मिळालं, आणि त्यातून ‘कॅक्टस’ डेलियांचा मोठा वंश निघाला. गोल, गच्च चेंडूपलीकडेही सौंदर्य असतं, हे या एका कंदाने लोकांना पटवलं. १८८०च्या दशकात ब्रिटनमध्ये एकेरी डेलियांची आवड पुन्हा वाढली. याच दशकाच्या सुरुवातीला, १८८१ मध्ये, तिथे राष्ट्रीय डेलिया सोसायटी स्थापन झाली. फ्रान्समध्ये लियाँ शहराच्या तेत दोर उद्यानातल्या माळ्यांनी १९००च्या सुमारास आणखी एक प्रकार पुढे आणला: बाहेर मोठ्या पाकळ्यांचं एक वर्तुळ, आत दुसऱ्या रंगाच्या आखूड पाकळ्यांची झालर आणि मध्ये उघडी चकती. ‘कॉलरेट’ म्हणून तो आजही लावला जातो. मध्यावरचा पिवळा रंग हे वैगुण्य नसून शोभा आहे, असं मानणारा हा प्रदर्शनातला पहिला मोठा प्रकार म्हणावा लागेल.

१९२४ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचे फ्रेड ट्रेसेडर यांनी जो डेलिया काढला, त्याचं नाव अजूनही बागवानांच्या तोंडी आहे. ‘बिशप ऑफ लँडॅफ’ हे नाव त्या वेळचे तिथले बिशप जोशुआ प्रिचर्ड ह्यूज यांच्यावरून पडलं. पानं जवळजवळ काळी, फूल शेंदूरलाल, पाकळ्या जेमतेम दोन वर्तुळांच्या, मध्ये पिवळाधमक डोळा. १९२८ मध्ये त्याला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षांत लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स डेलियाच्या रंगांचा हिशोब मांडत होते. माळ्यांना ‘जॉन इनेस मिश्रण’ म्हणून माहीत असलेल्या कुंडीच्या मातीच्या प्रमाणांमागेही हेच लॉरेन्स होते. त्यांनी दाखवलं, की बागेतल्या डेलियाच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, तर बहुतेक जंगली जातींत ३२. जांभळट आणि शेंदरी-पिवळ्या अशा दोन वेगवेगळ्या रंगगटांच्या जातींचा केव्हातरी संकर होऊन गुणसूत्रं दुप्पट झाली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रत्येक गुणसूत्राच्या आठ प्रती असलेल्या झाडात रंगांच्या जुळण्या मोजण्यापलीकडच्या होतात. सॅबाइनच्या काळात एकाएकी उसळलेल्या रंगांचं स्पष्टीकरण अखेर शंभर वर्षांनी मिळालं.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत प्रदर्शनांमध्ये ताटाएवढ्या फुलांचा बोलबाला राहिला आणि एकेरी डेलिया मागे पडले. त्यांना परत आणण्यात ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर बागेचे ख्रिस्टोफर लॉइड यांचा मोठा हात आहे. १९९३ मध्ये त्यांनी आपली जुनी गुलाबबाग काढली आणि तिथे केळी, कर्दळी आणि डेलिया लावले. जुना ‘बिशप’ही त्यात दिमाखात उभा राहिला. न्यूझीलंडमध्ये कीथ हॅमेट यांनी काळसर पानांचे, बुटके, एकेरी डेलिया विकसित केले. हे डेलिया लहान बागेत आणि कुंडीत मावणारे होते.

तोवर मधमाश्या आणि बंबलबींच्या घटत्या संख्येची चिंता सामान्य घरांपर्यंत पोचली होती. २०११ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने परागीभवन करणाऱ्या कीटकांना उपयोगी झाडांची यादी आणि त्यांच्यासाठी खास चिन्ह सुरू केलं; उघड्या फुलांच्या डेलियांना त्यात जागा मिळाली. ससेक्स विद्यापीठात मिहाइल गारबुझोव्ह आणि फ्रान्सिस रॅटनीक्स यांनी बागेतली ३२ प्रकारची झाडं शेजारी-शेजारी लावून त्यांवर येणारे कीटक मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात निरुपयोगी झाडांमध्ये शंभर पटीच्या घरात फरक निघाला. डेलियांच्या बाबतीत कौल स्पष्ट होता: उघड्या मध्याच्या फुलांवर भरपूर माश्या, आणि पाकळ्यांनी भरलेल्या प्रकारांकडे जवळपास कुणी फिरकत नाही. श्प्रेंगेलने फुलांपाशी बसून जे पाहिलं होतं, ते आता आकड्यांत आलं.

इथे लवकर फुलण्याला नवा अर्थ मिळतो. ब्रिटनमध्ये मधुमक्षिकापालक ‘जूनची तूट’ ओळखून असतात: वसंतातली फुलं संपलेली आणि उन्हाळ्यातली पुरती आलेली नसतात, तो मधला उपासाचा काळ. घरात आधी रुजवलेले बुटके एकेरी डेलिया जूनच्या अखेरीला किंवा जुलैत फुलू लागतात आणि थेट दहिवर पडेपर्यंत थांबत नाहीत. त्या शेवटच्या आठवड्यांत बंबलबीच्या तरुण राण्या हिवाळी झोपेआधी अंगात साठा करत असतात. एका झाडाचा हंगाम दोन्ही टोकांकडून वाढवता आला, तर त्या राण्यांनाही त्याचा आधार होतो.

भारतात डेलिया आला तो युरोपातून, एकोणिसाव्या शतकात, कोलकात्याच्या बागायती वर्तुळातून. तिथली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी स्थापन केली होती. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापणारे हेच ते कॅरी. पुढे बंगालमध्ये या फुलाची मोठी परंपरा उभी राहिली. रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी काढलेले भव्य दुहेरी डेलिया देशभर गेले. महाराष्ट्रातही बंगल्यांच्या बागांतून आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराच्या पुष्पप्रदर्शनातून डेलिया लोकांच्या ओळखीचा झाला. त्याचा मेक्सिकोतला शेजारी झेंडू इथे दसऱ्याच्या तोरणात आणि देव्हाऱ्यात जाऊन बसला. डेलिया मात्र कुंडीत आणि वाफ्यातच राहिला, आणि बहुतेक ठिकाणी तो दुहेरीच.

पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ मेक्सिको शहराच्याच रेषेत आहे. फरक आहे तो उंचीचा आणि पावसाचा. मेक्सिकोच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात वाढणारा डेलिया पुण्याच्या चिकट काळ्या मातीत त्याच पावसात कुजतो. त्यामुळे इथे तो हिवाळी फूल झाला. पण डिसेंबरात इथला दिवस अकरा तासांवर येतो, आणि उशिरा लावलेलं रोप पुरेसं वाढायच्या आतच कंद भरायला लागतं. चार पानांवर एखादं फूल देऊन थांबतं. लंडनच्या माळ्याला लांब दिवसाशी झगडावं लागलं, पुण्याच्या माळ्याला आखूड दिवसाशी. म्हणून इथल्या घरच्या बागेत लवकर फुलण्याचा हिशोब सप्टेंबरपासून करावा लागतो. पावसाचा जोर कमी झाला की आडोशाला, निचऱ्याच्या हलक्या मातीत एकेरी डेलियाचं बी पेरायचं. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. ऑक्टोबरात शेणखत मिसळलेल्या मातीत, दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशा जागी रोपं लावायची. डिसेंबरात फुलं सुरू होतात. तेव्हा माळावरची सोनकी आणि तेरडा संपलेले असतात, आणि सातेरी व फुलोरी या इथल्या मधमाश्यांना शहरात जी काही फुलं मिळतात त्यांत एका उघड्या ताटव्याची भर पडते. फुलांच्या दिवसांत कीटकनाशक फवारायचं नाही. मावा दिसला तर सकाळी पाण्याच्या धारेने पानं धुवायची.

सुकलेली फुलं वेळच्या वेळी काढली तर नव्या कळ्या येत राहतात. कळी आणि ओसरलेलं फूल यांत गल्लत होते, पण ओळखणं सोपं आहे: कळी गोल आणि चपटी, ओसरलेलं फूल लांबट आणि टोकदार. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र काही टोकदार बोंडं झाडावर राहू द्यावीत. महिना-दीड महिन्यात ती कागदासारखी वाळतात आणि आत काळपट, चपट्या, लांबुळक्या बिया सुटतात. त्या सावलीत वाळवून, कागदी पुडीत घालून, पुडीवर आईझाडाचा रंग लिहून ठेवायचा. पुढच्या सप्टेंबरात त्या पेरल्या की एकही रोप आईसारखं हुबेहूब निघत नाही. पिवळ्याच्या बियांतून शेंदरी येतो, पांढऱ्याच्या बियांतून जांभळी झाक असलेला, कधी शेजारच्या गच्चीवरच्या झाडाचा रंग उतरतो, कारण माशी कुठून कुठे गेली होती हे त्या बियांत नोंदलेलं असतं. त्यातलं जे सगळ्यात आधी फुलेल आणि ज्यावर सगळ्यात जास्त माश्या येतील, त्याला लाल दोरा बांधायचा, कंद काढून वाळूत ठेवायचा, आणि पुढच्या वर्षीचं बी त्याच्यावरूनच गोळा करायचं.